‘साप्ताहिक काढा, आमदार व्हा’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

निवडणूक जवळ आली की वऱ्हाडातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘तालुक्याला साप्ताहिक काढणं हा राजकारणाचा सगळ्यात स्वस्त रस्ता. नंबर काढला की झालात संपादक. खर्च सरकारी जाहिरातींतून निघतो. पत्रकार कोट्यातून विधान परिषद मिळते. एकदा आमदार झालात की काहीही छापा, विशेषाधिकार आहे. बियाणी, दर्डा असेच तर मंत्री झाले.’ पाच विधानं आहेत. त्यातल्या एकात थोडं तथ्य आहे, ते त्या जागी मान्य करू. बाकीची चार चूक आहेत.

‘नंबर काढला की संपादक’

‘नंबर’ म्हणजे वर्तमानपत्राच्या नोंदणीचा क्रमांक. त्यासाठीचा १८६७ चा जुना ‘पीआरबी’ कायदा २०२४ च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत चालला. त्यात रीत अशी होती: आधी शीर्षक पडताळणी, मग दंडाधिकाऱ्यासमोर घोषणापत्र, मग पहिला अंक, आणि त्यानंतर नोंदणी प्रमाणपत्र. शीर्षकातच पुष्कळांचे महिने जायचे, कारण त्याच भाषेत देशात कुठेही किंवा त्याच राज्यात कुठल्याही भाषेत तसंच नाव असलं तर ते मिळत नसे. घोषणापत्र झाल्यावर साप्ताहिकाचा पहिला अंक सहा आठवड्यांत निघाला नाही, तर घोषणापत्र बाद. कुठल्याही तीन महिन्यांत ठरलेल्या अंकांच्या निम्म्याहून कमी अंक निघाले, तरी बाद. १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा लागू आहे. आता शीर्षक आणि नोंदणीचा अर्ज ‘प्रेस सेवा’ पोर्टलवर एकत्रच होतो.

पण या नंबराने ओळखपत्र मिळत नाही. अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यता, हा वेगळा विषय. ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालय समितीमार्फत देतं आणि त्यासाठी अंकांची फाइल दाखवावी लागते. गाडीवर ‘प्रेस’ लिहिण्याचा तर कशाशीच संबंध नाही.

नंबराने जे मिळतं, ते शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात असतं: ‘हे साप्ताहिक मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक प्रेसमध्ये छापून येथे प्रसिद्ध केले. संपादक अमुक.’ शेजारी, जुना कायदा असेपर्यंत, ‘पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीस जबाबदार’. कोर्टात उभं राहायची वेळ आली की पहिला कागद हाच निघतो. त्याच्या खाली बहुतेकांनी आणखी एक ओळ छापलेली असते: ‘या अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही; वाद उद्भवल्यास अमुक न्यायालयाच्या कक्षेत.’ पिढ्यानपिढ्या ही ओळ एका अंकातून दुसऱ्या अंकात उतरवली जाते. तिने संपादकाची जबाबदारी तिळभर कमी होत नाही. अंक टपालाने दुसऱ्या तालुक्यात जाऊन वाचला गेला, तर फिर्याद तिथेही होऊ शकते.

‘खर्च सरकारी जाहिरातींतून निघतो’

थोडं तथ्य आहे ते इथे. नोंदणी टिकावी आणि जाहिरात मिळावी एवढ्यासाठी पन्नास-शंभर ‘फाइल कॉपी’ छापणारे आहेत, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रेसवाल्याला ठाऊक आहे. पण मेसेज ज्या जुन्या संपादक-पुढाऱ्यांबद्दल बोलतो, त्यांचा हिशेब निराळा होता.

खिळ्यांच्या छपाईचा काळ घ्या. खिळा म्हणजे धातूचं एकेक सुटं अक्षर. जुळारी, म्हणजे कंपोझिटर, केसमधून (खणांच्या पेटीतून) एकेक खिळा उचलून हातातल्या पट्टीत, स्टिकमध्ये, लावायचा. ओळी गॅलीवर, म्हणजे लांब तबकात, गॅलीचं प्रूफ, मग पानं बांधून एका वेळी छापायचा संच, म्हणजे फर्मा, चेसमध्ये (लोखंडी चौकटीत) कसायचा. देवनागरीला मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून खिळ्यांची घरं इंग्रजीच्या कितीतरी पट. छोट्या प्रेसकडे एकेका अक्षराचा साठा बेताचाच असे. एकच शब्द पानभर आला की खिळे संपायचे आणि वाक्य बदलावं लागायचं. चार पानी मोठा अंक सिलिंडर मशीनवर दोन फर्म्यांत निघतो: १ आणि ४ एकीकडे, २ आणि ३ दुसरीकडे. म्हणजे हजार प्रतींना दोन हजार छाप, प्रत्येक ताव हाताने लावायचा. पाचशे तावांचं रीम धरलं तर दोन रीम कागद, शिवाय वाया जाणारे ताव वेगळे. ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छोट्या यंत्रावर, एकेक पान काढायचं झालं तर छाप चार हजार. छापून झालं की प्रत्येक खिळा परत आपल्या घरात, कारण पुढच्या आठवड्याला तोच लागणार.

विदर्भाचा उन्हाळा हे आणखी एक प्रकरण. खिळ्यांना शाई लावायचे रूळ सरस (चिकटवायचा पदार्थ) आणि गूळ किंवा ग्लिसरीन यांचे ओतीव असत. पारा पंचेचाळीसकडे गेला की ते मऊ पडायचे, खिळ्यांच्या कडांनी त्यांना चिरा जायच्या आणि शाई पानभर फासली जायची. म्हणून मे महिन्यात छपाई पहाटे किंवा रात्री. पावसाळ्यात तेच रूळ ओल धरून फुगायचे आणि शाई नीट घ्यायचे नाहीत.

हा खर्च निघायचा कशातून? मुख्यतः जॉब वर्कमधून. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायटीच्या सभेच्या नोटिसा, जिनिंगची बिलबुकं. त्याच्या जोडीला कोर्टाच्या जाहीर नोटिसा आणि नगरपालिकेच्या निविदा. वर्गणी वार्षिक असायची, पण कास्तकाराच्या हाती कापसाचा चुकारा पडेपर्यंत ती ‘येणे’ खात्यातच राहायची, आणि तीन वर्षांची थकली तरी अंक बंद करायची सोय नव्हती, कारण तोच वर्गणीदार उद्याचा मतदार. राजकारणाने पेपराला दिलेला तोटा हा असा होता. टपालाची सवलत होती, पण १८९८ च्या टपाल कायद्यात वर्तमानपत्र म्हणून नोंदायला वर्गणीदारांची खरी यादी लागायची.

सरकारी जाहिरात शासनमान्य यादीवर असल्याशिवाय येत नाही. दर वर्गवारीप्रमाणे ठरलेला असतो, बिलासोबत छापील अंक जोडावा लागतो आणि पैसे येतात तेव्हा येतात. कागदवाला मात्र रोख मागतो.

‘पत्रकार कोट्यातून विधान परिषद’

असा कोटा नाही. महाराष्ट्र विधान परिषदेत ७८ जागा आहेत: ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपाल नेमतात. त्या बारांसाठी कलम १७१ (५) मध्ये साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा ही पाच क्षेत्रं दिली आहेत. पत्रकारिता त्यात नाही. छोट्या गावचा संपादक परिषदेवर गेला तर बहुधा पक्षाच्या आमदारांच्या किंवा नगरसेवक-जिल्हा परिषद सदस्यांच्या मतांवर. ती मतं अग्रलेखाने मिळत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

‘आमदार झालात की काहीही छापा’

हे विधान सगळ्यात घातक, कारण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. कलम १९४ चं संरक्षण सभागृहात केलेल्या भाषणाला आणि सभागृहाच्या अधिकाराने झालेल्या प्रकाशनाला आहे. आमदाराचं स्वतःचं साप्ताहिक त्यात बसत नाही. कामकाजाच्या बऱ्याच अंशी खऱ्या वृत्तांताला कलम ३६१-अ आहे, पण ते सगळ्याच वर्तमानपत्रांना आहे आणि वृत्तांत द्वेषबुद्धीने छापला असेल तर तेही नाही. सभागृहात केलेला आरोप तसाच्या तसा वृत्तांतात आला तर एक गोष्ट, त्याच आरोपाला तिखटमीठ लावून अग्रलेख लिहिला तर दुसरी.

आता हिशेब बघा. बदनामीला कमाल शिक्षा दोन वर्षं, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ५०० व्या कलमात, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात. आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ (३) प्रमाणे दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली की सदस्य अपात्र. आधी अपिलासाठी तीन महिन्यांची सवड होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली लिली थॉमस प्रकरणात ती काढली. साध्या संपादकाला कमाल शिक्षा झाली तर तुरुंग. संपादक-आमदाराला तुरुंग आणि वर आमदारकीही जाते.

निवडणुकीत तर आणखी जपावं लागतं. प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्यावर जाणूनबुजून खोटं छापलं तर त्याच कायद्याच्या कलम १२३ (४) खाली निवडच रद्द होऊ शकते. आपल्याच प्रेसमध्ये हँडबिल छापलं तरी कलम १२७-अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्यावर हवा. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घाईत ही ओळच राहून जाते.

‘बियाणी, दर्डा असेच मंत्री झाले’

क्रम तपासा. ब्रिजलाल बियाणी अकोल्याचे, ‘मातृभूमि’शी जोडलेले, जुन्या मध्य प्रदेशात अर्थमंत्री. त्याआधी काँग्रेसचं काम आणि तुरुंगवास होता. जवाहरलाल दर्डांनी यवतमाळात १९५२ साली ‘लोकमत’ साप्ताहिक काढलं; त्याच नावाचं साप्ताहिक बापूजी अण्यांच्या काळात तिथे होतंच. नागपुरातून दैनिक व्हायला १९७१ उजाडलं, म्हणजे एकोणीस वर्षं. मंत्रिपद त्याच्याही नंतरचं, आणि १९४२ चा तुरुंगवास या सगळ्याच्या आधीचा. मेसेजने पंजाबराव देशमुखांना वगळलं आहे. त्यांचं अमरावतीचं ‘महाराष्ट्र केसरी’ होतं, पण १९३० च्या मंत्रिपदाआधी १९२८ पासून जिल्हा कौन्सिलचं अध्यक्षपद होतं.

कुठल्याही संपादक-पुढाऱ्याबद्दल असा दावा आला तर १९५७ नंतरच्या फाइलीत मार्चचा पहिला अंक काढावा. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसानंतरच्या पहिल्या अंकात ‘नमुना ४, नियम ८’ छापणं सक्तीचं होतं: प्रकाशनस्थळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावं. पेपर कोणाच्या मालकीचा होता, पुढारी निवडून यायच्या आधी की नंतर मालक बदलला, हे दोन वर्षांचे मार्चचे अंक शेजारी ठेवले की कळतं.