चाकू हिसकावण्याची 'तीन सेकंदांची युक्ती': मुद्देनिहाय प्रतिवाद

स्वसंरक्षणाच्या ज्या चित्रफिती समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात, त्यांचा साचा ठरलेला आहे. प्रशिक्षक सहकाऱ्याच्या हातात रबरी चाकू देतो, सहकारी एक पाऊल पुढे टाकून वार करतो, प्रशिक्षक त्याचे मनगट पकडून पिळतो आणि चाकू खाली पडतो. सोबतच्या मजकुरात दावा असतो तो असा: ही युक्ती एकदा पाहून घेतली की वय आणि ताकद कितीही असो, कोणीही सशस्त्र हल्लेखोराला तीन सेकंदांत निःशस्त्र करू शकतो, पिस्तुलालाही हीच पद्धत लागू पडते, पळून जाणे हा भित्रेपणा आहे, आणि चाकू अंगात रुतलाच, तर तो उपसून हल्लेखोरावरच उलटवावा. ही विधाने एकेक करून तपासणे आवश्यक आहे, कारण त्यांवर विसंबणाऱ्याला चूक सुधारण्याची संधी बहुधा मिळत नाही.

'तीन सेकंद पुरतात' हे पहिले विधान. प्रश्न पुरण्याचा नसून मिळण्याचा आहे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील पोलीस प्रशिक्षक डेनिस टुलर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिले की, साधारण प्रकृतीचा माणूस २१ फूट, म्हणजे जवळपास साडेसहा मीटर अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो आणि प्रशिक्षित पोलिसाला कमरेचे पिस्तूल काढून नेम साधायलाही तेवढाच वेळ लागतो. (हा आकडा पुढे 'एकवीस फुटांचा नियम' म्हणून प्रसिद्ध झाला, पण त्यापलीकडे उभे राहिले की माणूस सुरक्षित, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.) हातभर अंतरावरून आलेल्या वाराला तर सेकंदाचा लहानसा अंशच पुरतो. अपेक्षित असलेला एकच साधा इशारा डोळ्यांनी टिपून हात हलवायला माणसाला सेकंदाचा चौथा-पाचवा हिस्सा लागतो. वार कुठून येणार हेच ठाऊक नसेल, तर त्याहून जास्त. शिवाय चित्रफितीत चाकू आधीपासून समोर धरलेला असतो. प्रत्यक्षात तो मांडीमागे, खिशात किंवा बाहीत दडवलेला असू शकतो, आणि मार बसल्यावर आपल्याला गुद्दा बसला असे वाटले, रक्त दिसल्यावरच चाकू असल्याचे कळले, असे अनेक जखमींनी सांगितलेले आहे.

दुसरे गृहीतक उघडपणे सांगितले जात नाही, पण सगळी युक्ती त्याच्यावरच उभी आहे: हल्लेखोर एकच वार करील, हात पूर्ण लांबवील आणि तो हात तिथेच धरून ठेवील. चाकूचे बरेचसे हल्ले असे होत नाहीत. मोकळ्या हाताने समोरच्याची कॉलर किंवा खांदा पकडून त्याला जवळ ओढायचे आणि दुसऱ्या हाताने कमरेच्या पातळीवरून आखूड, झपाट्याचे वार करत राहायचे, ही पद्धत वारंवार दिसते. हात जितक्या वेगाने पुढे येतो तितक्याच वेगाने मागे जातो, त्यामुळे पकडायचे मनगट जागेवर राहतच नाही. याची खात्री करून घेणे अवघड नाही. जुना पांढरा सदरा घाला, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावा, जोडीदाराच्या हातात स्केचपेन द्या आणि 'थांबू नकोस, मला कुठेही आणि कितीही वेळा टोच' एवढेच सांगा. काही क्षणांत सदऱ्याच्या पोटावर, बरगड्यांवर आणि काखेखाली रेघोट्या उमटतात, आणि त्यांतल्या बहुतेक कधी उमटल्या हे सदरा घालणाऱ्याला सांगता येत नाही.

आता युक्तीच्या गाभ्याकडे येऊ: मनगट धरा, पिळा, चाकू सुटेल. तालमीत तो सुटतो, कारण जोडीदार कोरडा हात शांतपणे पुढे करतो आणि दुखू लागताच मूठ सैल करतो. खऱ्या झटापटीत हात घामाने, कधी रक्ताने, निसरडा झालेला असतो आणि समोरचा माणूस पकड जाणवताच हिसडा देऊन हात मागे खेचतो. मनगट निसटले की त्यामागून येणारे पाते पकडणाऱ्याच्या तळव्यावरून आणि बोटांवरून फिरते. न्यायवैद्यकशास्त्रात ज्यांना बचावाच्या जखमा म्हणतात, त्या नेमक्या इथेच, तळव्यावर, बोटांवर आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या बाहेरच्या कडेला आढळतात. त्यातच भीतीने शरीरात उसळलेल्या रसायनांमुळे बोटांच्या बारीक हालचाली बोथट होतात आणि अंगठा अमुक जागी, दोन बोटे तमुक जागी, अशी मांडणी हाताला साधत नाही. समोरच्याने नशा केलेली असेल, तर वेदनेवर बेतलेली पकड आणखी कुचकामी ठरते.

तरीही या चित्रफितींमध्ये एक गोष्ट बरोबर आहे आणि ती मान्य केली पाहिजे. सुटकेची वाट खरोखरच बंद असेल, भिंतीला पाठ टेकली असेल, तर चाकूच्या हाताकडे दुर्लक्ष करून चालत नाही. अशा वेळी दोन्ही हातांनी तो हात कोपराजवळ किंवा मनगटापाशी घट्ट आवळून आपल्या छातीशी दाबून धरणे, आपले वजन त्याच्यावर टाकणे आणि डोके, गुडघा, जे हाताशी येईल त्याने प्रतिकार करणे, हे जबर मल्लयुद्धाच्या जवळ जाणारे काम आहे. त्यात जखम होणार हे धरूनच चालावे लागते. ते शिकायचे असेल, तर पूर्ण ताकदीने विरोध करणाऱ्या जोडीदारासोबत, महिनोन्महिने सराव करावा लागतो; एकदा पाहून ते अंगात येत नाही.

'पिस्तुलालाही हीच पद्धत चालते' हे विधान अर्धे खरे आहे आणि म्हणूनच अधिक धोकादायक आहे. नळी हातभर अंतरावर असेल, तर आधी हालचाल करणाऱ्याला प्रतिक्रिया देणाऱ्यापेक्षा किंचित आघाडी मिळते, त्यामुळे नळी बाजूला ढकलणे अशक्य नाही. पण ढकलल्यानंतर शस्त्र हल्लेखोराच्याच हातात असते आणि गोळी सुटली, तर ती शेजारी उभ्या असलेल्या कोणालाही लागू शकते. हल्लेखोर दीड-दोन मीटर दूर उभा असेल, तर हा विचारही सोडून द्यावा. त्याला पाकीट, फोन किंवा गाडीची किल्ली हवी असेल, तर ती द्यावी, आणि 'मी खिशात हात घालतोय' असे सांगून मगच घालावा. मात्र तो गाडीत बस किंवा दुसरीकडे चल म्हणत असेल, तेव्हा हिशेब बदलतो: निर्जन जागी गेल्यावर मदतीची शक्यता मावळते, म्हणून लोक आजूबाजूला असतानाच ओरडणे, धडपडणे आणि निसटणे बहुतेक वेळा श्रेयस्कर ठरते.

पळण्याला भित्रेपणा म्हणणाऱ्याने चाकूचा पल्ला किती असतो याचा विचार केलेला नाही. चाकू हातभर अंतरापलीकडे काही करू शकत नाही, त्यामुळे मिळवलेले प्रत्येक पाऊल थेट त्याची ताकद कमी करते. मध्ये टेबल, उभी गाडी किंवा बंद दार आले, तर आणखी उत्तम. खुर्ची पाय पुढे करून धरावी, बॅग छातीसमोर घ्यावी, आणि मागे सरकताना सरळ रेषेत न जाता तिरपे निघावे, कारण उलट्या पावलांनी जाणारा माणूस अडखळून पडतो आणि समोरून धावून येणारा त्याच्याहून नेहमीच वेगवान असतो. सोबत लहान मूल किंवा चालू न शकणारी व्यक्ती असेल, तर हा पर्याय अपुरा पडतो हे खरे आहे. तेव्हा अडथळा उभा करणे आणि आरडाओरड करणे यांचे मोल वाढते.

शेवटचा सल्ला, रुतलेला चाकू उपसण्याचा, सर्वांत घातक आहे. रुतलेले पाते कित्येकदा फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरत असते आणि ते काढताच रक्तस्राव अनावर होतो, म्हणून ते जागच्या जागी ठेवून भोवती कापडाच्या घड्या लावून स्थिर करावे आणि शल्यचिकित्सकाला काढू द्यावे. पाते लहान होते म्हणून निश्चिंत राहू नये. पोट दाबले जात असल्याने जखम पात्याच्या लांबीपेक्षाही खोल जाऊ शकते आणि बाहेरची फट बोटभरच दिसते. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि मांडीची मोठी रोहिणी तुटली, तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. म्हणून सुरक्षित जागी पोहोचताच सर्वांगावरून, काखेत आणि पाठीवरसुद्धा, हात फिरवून रक्त कुठे लागते ते पाहावे. पाते रुतलेले नसेल, तर हातापायाच्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने पूर्ण जोर लावावा आणि मदत येईपर्यंत, थांबले का हे पाहण्यासाठीही, हात उचलू नये.