दोन स्टार देणाऱ्या पालकांना

नमस्कार. माझ्या इंग्रजीच्या क्लासबद्दलच्या अभिप्रायात तुम्ही नावाच्या जागी नुसतं ‘पालक’ लिहिलंय, पण खाजेचा उल्लेख वाचला आणि कुणाचे पालक ते कळलं. नाव मीही लिहीत नाही. गुहागर केवढंसं आहे!

तुमचं म्हणणं असं: ऑक्टोबरभर मुलांना पानं गोळा करायला लावली, भोपळे रंगवले, शेतात नेलं, मुलगा अंगभर खाज घेऊन घरी आला. वहीत चार ओळी नाहीत, ग्रामर शून्य, फी मात्र पूर्ण.

आधी खाज. ती चूक पूर्णपणे माझी. भाताची कुसं अंगाला लागतात हे काय मला माहीत नाही? पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पाठवा, एवढा निरोप ग्रुपवर टाकायला हवा होता. मी फक्त वेळ टाकली. लेप्टोच्या, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, धास्तीने चिखलाची वाट टाळली, मुलांना सुक्या खळ्यावरच ठेवलं, आणि त्याच समाधानात राहिले. तोवर सगळी पेंढ्यात लोळून मोकळी झाली होती.

दुसरी चूक तुम्ही लिहिलेली नाही, ती मीच सांगते. पहिल्या आठवड्यात ‘ऑटम’च्या शीट्स मी इंटरनेटवरून छापून आणल्या होत्या. मेपलची तांबडी पानं, स्वेटर घातलेली मुलं, खार. इथे पंख्याखालीही घाम निथळतोय आणि मी म्हणून घेतेय, “इट इज कोल्ड.” तुमच्याच मुलाने विचारलं, “कुठे?” काय सांगणार? ऑटम म्हणजे शरद म्हणावं, तर आपला शरद आश्विन-कार्तिकातला, भातकापणीचा आणि कोजागरीचा. पानगळ म्हणावी, तर ती शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. तिकडचा एक शब्द आपल्याकडे दोन ऋतूंत विभागला जातो, आणि मधे अख्खा हेमंत येतो.

म्हणून शीट्स ठेवून दिल्या आणि मुलांना आवारात काढलं. त्याला तुम्ही टाइमपास म्हणता. इथे मात्र मी ऐकणार नाही.

पानं गोळा केली ती ढीग करायला नव्हे. साग, फणस, काजू, आंबा, जे हाताला लागेल ते आणायचं आणि ओटीवर मांडायचं: बिग, स्मॉल, लाँग, रफ, स्मूद. सागाचं पान गालाला घासून ‘रफ’ म्हटलेलं मूल तो शब्द सहसा विसरत नाही. मग पानावर कागद ठेवून खडू घासायचा, शिरा उमटल्या की “हाऊ मेनी?” विचारायचं. त्यात एका मुलीने आंब्याची तांबूस पालवी आणली आणि ओरडली, “टीचर, ऑटम!”

मी खूश झाले, पण खरं सांगायला हवं होतं. थंड मुलखात दिवस लहान होत जातात, झाड पानातला हिरवा रंग मोडून काढतं, आत आधीपासून असलेला पिवळा दिसू लागतो, काही झाडांत लाल रंग नव्याने तयार होतो, आणि मग पान गळतं. आपल्या आंब्याचं उलट. पाऊस सरला की कोवळी पालवी तांबूस फुटते आणि नंतर हिरवी होते. पहिली-दुसरीच्या मुलांना हे सगळं मराठीतच सांगितलं, आणि इंग्रजीचं एकच वाक्य घेतलं: “इट इज रेड, बट इट इज न्यू.” तुमच्या मुलाने दुसऱ्या दिवशी वाळलेलं पान उचललं आणि स्वतः जोडलं, “इट इज ब्राउन, बट इट इज बिग.” ‘बट’ कसा वापरायचा ते मी फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. ग्रामर ते हेच.

भोपळ्याचं मात्र तुमचं बरोबर आहे. भोपळा कोरून दिवा करणं ही तिकडची ३१ ऑक्टोबरची गंमत. आयर्लंडमध्ये आधी सलगम कोरायचे, भोपळा पुढे अमेरिकेत आला. मुलांचे हात रंगले, तोंडात शब्द दोन-तीनच आले. पुढच्या वर्षी भोपळा नाही.

कंदील राहणार. फोल्ड, कट, पेस्ट, हँग. आधी मी सांगायचं नि त्यांनी करायचं, मग त्यांनी सांगायचं नि मी करायचं. मी मुद्दाम भलतीकडे कात्री लावली, तर “नो टीचर, नॉट देअर!” असा जो कल्ला झाला, तो शेजाऱ्यांनीही ऐकला असेल.

वहीचं म्हणाल, तर २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. लिहून घ्यायला शाळा आहे. माझ्याकडे मुलं तासभर येतात, तो तास मी बोलण्यावर घालवते. वहीच भरून हवी असेल, तर हा क्लास तुमच्यासाठी नाही, हे मी प्रवेश घेतानाच स्पष्ट सांगायला हवं होतं.

शीट्स आणि भोपळ्याचे १५० रुपये परत करते आहे, सगळ्यांनाच. महिन्याची फी परत करणार नाही. गुरुवारी पाच वाजता तास असतो, मागे बसून बघा. तुमच्या मुलाचा पुठ्ठ्याचा विळाही माझ्याकडेच राहिलाय, तोही घेऊन जा. रोज विचारतो.