‘सीतेची आसवं’च्या प्रिंटवरच्या दोन स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. इतक्या हौसेने बहिणीसाठी प्रिंट मागवलीत आणि ती बघून तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क आहे. पण “१८ बाय १२ चे पैसे घेऊन १५ बाय १० चा फोटो दिला, सरळ सरळ फसवणूक” हे वाक्य आता आमच्या दुकानाच्या नावाखाली सगळ्यात वर दिसतंय. कासचा सीझन तोंडावर आलाय. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पठार फुललेलं असतं, तेवढाच आमच्या विक्रीचा काळ, आणि साताऱ्यात येणारा माणूस आधी रिव्ह्यू बघूनच दुकानाची पायरी चढतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंनी आमच्याकडून ‘सीतेची आसवं’ या फुलांची प्रिंट मागवली. फोटोभोवती पांढरी बॉर्डर आहे म्हणून फोटो लहान पडला, ही पहिली तक्रार. खाली शीर्षक छापलंय म्हणून ते “कॅलेंडर वाटतं”, आणि वास्तुशांतीच्या भेटीवर ‘आसवं’ वाचून बहिणीच्या सासूबाईंनी नाक मुरडलं, ही दुसरी. मग फ्रेमवाल्याकडून बॉर्डर कापून घेतली, त्याचे वेगळे पैसे गेले, सबब प्रिंटचे पूर्ण पैसे परत हवेत. शिवाय फोनवरचा मुलगा उद्धट होता.

आधी मापाचं. तुम्ही २१६ चौरस इंचांतून १५० वजा करून “६६ चौरस इंच खाल्ले” असं लिहिलंय. वजाबाकी बरोबर आहे, ताई. पण आमच्याकडे प्रत्येक प्रिंटच्या किमतीच्या वरच दोन मापं लिहिलेली आहेत: कागद १८ × १२ इंच, फोटो १५ × १० इंच. बारीक अक्षरात नाही, किंमत ज्या अक्षरात आहे त्याच अक्षरात. खाल्लेल्या गोष्टीचं माप कोणी किमतीच्या वर छापून ठेवत नाही.

आता १५ बाय १०च का? कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे तीनास दोन. १८ बाय १२ चा कागदही तीनास दोन. पण चारही बाजूंनी सारखा एकेक इंच सोडला तर आत उरतात १६ बाय १०, आणि ते काही तीनास दोन होत नाही. मग फोटो वरून तरी छाटा नाहीतर खालून तरी. आमच्या ह्यांना ते चालत नाही. हे फूल जेमतेम सेंटिमीटरभराचं. पठारावर ओल्या कातळावर पालथं पडून, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी धरून घेतलेला तो फोटो आहे. वरच्या कडेला धुकं आहे, खालच्या कडेला पाकळीवरून सुटत आलेला थेंब. दोन्हींपैकी काय छाटायचं ते सांगा. म्हणून १५ बाय १०, डावी-उजवीकडे दीड-दीड इंच, वर पाऊण आणि खाली सव्वा. खाली मुद्दाम जास्त, कारण वर-खाली अगदी सारखी जागा ठेवली की भिंतीवर फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो. जुने फ्रेमवालेही माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापताना हेच करतात.

“मग कागदभर छापा की!” छापतो ना. ऑर्डर करताना ‘बॉर्डरसह’ आणि ‘बॉर्डरशिवाय’ असे दोन पर्याय येतात, किंमत दोन्हींची एकच. पूर्वी तर आम्ही बॉर्डरशिवायच देत होतो. तेव्हा तक्रार काय यायची माहितीये? फ्रेमच्या पट्टीला आतून जी खाच असते, ती चारही बाजूंनी साधारण पाव इंच फोटो झाकते. माउंट लावला तर आणखी जातं. लोक म्हणायचे, कडेची फुलं कुठे गेली, सही अर्धीच का दिसते. बॉर्डर आली ती अशी, गिऱ्हाइकांच्याच सांगण्यावरून. प्रिंट हातात धरायला जागा मिळते, बोटांचे डाग फोटोवर पडत नाहीत, आणि माउंट ठेवायचा तर तो पांढऱ्या भागावर बसतो.

तुमच्या फ्रेमवाल्याने कटर मारून नेमके १५ बाय १० ठेवले. म्हणजे आता पट्टीखाली फोटो गेला, आणि फ्रेममध्ये दिसतात साडेचौदा बाय साडेनऊ. हे आमच्या हिशोबात कुठून आलं? बॉर्डरमध्ये उजवीकडे ह्यांची पेन्सिलने केलेली सही होती आणि डावीकडे प्रतीचा क्रमांक, कारण त्या फोटोच्या आम्ही ३०च प्रती काढणार आहोत. ती पट्टी आता फ्रेमवाल्याच्या कचऱ्यात गेली असणार. सही कापलेली प्रिंट परत घेऊन आम्ही ती कोणाला देणार? पैसे परत करायची आमची पद्धत आहे, पण प्रिंट आहे तशी परत आली तर. हेही लिहिलेलं आहे.

एक गोष्ट मात्र बहिणीला जरूर कळवा. तुम्ही टाकलेल्या फोटोत काच थेट प्रिंटवर टेकलेली दिसते. पावसाळ्यात आत दमट हवा राहिली की प्रिंट काचेला चिकटते, आणि मग ती निघत नाही, निघाली तर रंगासकट निघते. मध्ये माउंट किंवा निदान बारीक पट्टी घालून घ्या. याचे आम्हाला काही मिळत नाही, फोटो टिकावा म्हणून सांगतेय.

आता वेळेचं, कारण तिथेच मला सगळ्यात जास्त लागलं. छपाईआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही व्हॉट्सअॅपवर नमुना पाठवतो, बॉर्डरसकट, शीर्षकासकट, कागदावर जसा दिसेल तसा. तुम्हालाही पाठवला होता. तुमचं उत्तर येईपर्यंत छपाई थांबवून ठेवली होती. उत्तर आलं रात्री: “छान 🙏 रविवारी द्यायचंय, जरा लवकर पाठवा.” सकाळी दुकान उघडल्या उघडल्या प्रिंट काढली, शाई वाळायला हवी म्हणून दुपारपर्यंत ठेवली, आणि तुमची घाई बघून दुसऱ्या दोन ऑर्डरी मागे सारून तुमचं पार्सल संध्याकाळच्या कुरियरला दिलं. ते शनिवारी पोचलंही. मला इथे स्क्रीनशॉट टाकायचा नाही, तुमचा मेसेज चारचौघांत दाखवणं बरं दिसत नाही. पण ‘छान’ म्हणून कळवल्यावर ‘फसवणूक’ वाचायला मिळाली, तर आम्ही काय समजायचं? मोबाइलच्या छोट्या पडद्यावर खालचं अक्षर नजरेतून सुटलं असेल, हे मी समजू शकते. मग तसं लिहायचं होतं.

शीर्षकाबद्दल. घरातही यावर वाद झालेला आहे, आणि शीर्षक असावं ही बाजू माझी होती. ह्यांचं म्हणणं, फोटो बघणाऱ्याला आधी बघू दे, नाव वाचलं की माणूस बघायचं थांबतो. पण दुकानात गल्ल्यावर मी बसते. “हे कुठलं फूल? कुठे मिळतं? खरं आहे का कॉम्प्युटरवर केलंय?” ही उत्तरं दिवसभर मी देते. ज्यांच्या भिंतीवर ते लागतं त्यांनाही पाहुणे हेच विचारतात. म्हणून फुलाचं नाव आणि जागा, एवढंच छापतो, राखाडी बारीक अक्षरात. ‘निसर्गाची किमया’, ‘आशेचा किरण’ असलं काही आम्ही छापत नाही, ते छापलं असतं तर कॅलेंडर म्हटलेलं मी ऐकून घेतलं असतं. आणि कॅलेंडरला तरी एवढं नाक का मुरडायचं? राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या कितीतरी चित्रांच्या खाली नाव छापलेलं असायचं. आमच्या सासूबाईंच्या माहेरी देवघरात त्यातलं एक लक्ष्मीचं होतं, आणि त्या नावामुळे कोणाला ते कमी वाटलं नाही.

तुमच्या बहिणीच्या सासूबाईंचं मात्र मला पटतं, अगदी खरं सांगते. नव्या वास्तूत आसवं कशाला, हे मलाही वाटलं असतं. पण ती भेट वास्तुशांतीची आहे हे मला तुमच्या रिव्ह्यूमधून कळलं. ‘गिफ्ट आहे’ एवढंच तुम्ही सांगितलं होतंत. वास्तुशांतीचं म्हटलं असतंत तर मीच म्हणाले असते, सोनकीने पिवळंधमक झालेलं पठार घ्या, नाहीतर ठोसेघरचा धबधबा. (या फुलाचं रोप मातीतले बारीक जीव पकडून खातं, ते त्यांच्या कानावर घालू नका. मग भिंतीवरून उतरलंच समजा.)

फोनवरचा मुलगा माझा भाचा. कॉलेज करून संध्याकाळी मदतीला येतो. त्याचा आवाजच चढा आहे, पण तुम्हाला लागलं असेल तर त्याला सांगितलंय. हळू बोलेल.

पुढचं बघू. ऑर्डर घेताना शीर्षक हवं की नको हे वेगळं विचारायची काहीतरी सोय करायचा विचार चाललाय, नमुन्यातलं अक्षरही मोठं करून दाखवता येईल का ते भाच्याला बघायला लावते. सीझनच्या गडबडीत कधी जमेल ते आत्ता सांगत नाही. पूर्ण पैसे परत देणं आम्हाला परवडणारं नाही, ताई. कागद, शाई, पॅकिंग, कुरियर सगळ्याचे पैसे आधीच दिलेले असतात. पण तुम्हाला त्याच मापाची दुसरी प्रिंट, या फुलाची किंवा सोनकीची, हवी असेल तर नुसत्या कागद-छपाईच्या खर्चात देऊ. फुलांची तीच घेतलीत तर क्रमांक पुढचा पडेल, आणि बॉर्डर नसेल तर सही मागच्या बाजूला येईल. ह्यांनी ते कबूल केलंय, नाराजीनेच, पण केलंय.

त्याच व्हॉट्सअॅप नंबरवर कळवा. नमुना पुन्हा येईल. या वेळी नुसतं ‘छान’ नको, बॉर्डर हवी का नको, शीर्षक हवं का नको, दोन्ही स्पष्ट लिहा. गुरुवारी दुकान बंद असतं.