पोटच्या पोरासारखी जपलेली गाडी विकणे आहे

अभिनंदन. गेल्या आठवड्यापर्यंत तुमच्याकडे एक डबा होता. डाव्या दाराला पोचा, वायपरचं रबर लोंबतंय, रिव्हर्स टाकताना गिअर कुरकुरतोय. मग बातमी आली की नवी गाडी मिळायला आठ-दहा महिने लागणार, आणि एका रात्रीत डब्याची मालमत्ता झाली. यात तुमचं कर्तृत्व शून्य आहे. पण गिऱ्हाइकासमोर असं बोलायचं, की भाव जणू तुम्हीच घाम गाळून वाढवलाय.

त्यासाठी मागच्या टंचाईचा थोडा इतिहास पाठ असू द्या. २०२० मध्ये महासाथीत विक्री बसली तेव्हा वाहन कंपन्यांनी चिपच्या, म्हणजे गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स चालवणाऱ्या इवल्या तुकड्यांच्या, ऑर्डरी रद्द केल्या. चिपवाल्यांनी ती क्षमता लॅपटॉप-फोनवाल्यांना देऊन टाकली. मागणी परतली तेव्हा वाहन कंपन्या रांगेत शेवटी. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात कडाक्याच्या थंडीने वीज कोलमडली आणि तिथले चिपचे कारखाने थांबले. मार्चमध्ये जपानात रेनेसास या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. एखाद्या किरकोळ चिपसाठी अख्ख्या गाड्या आवारात अर्धवट उभ्या राहिल्या. जून २०२१ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांचा किंमत निर्देशांक वर्षापूर्वीपेक्षा ४५.२ टक्क्यांनी वर होता. भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांनी २०२० मध्ये आपल्या गाड्या विकून पैसा उभा केला होता. वर्षभराने त्याच कंपन्या जुन्या गाड्या शोधत फिरत होत्या. हे शेवटचं वाक्य गिऱ्हाइकाला सांगू नका. स्वतःलाही सांगू नका.

पहिला नियम: घाई नको. भाव चढतोय ना? मग अजून चढू द्या. त्या खेपेला अमेरिकेतले जुन्या गाड्यांचे घाऊक भाव जानेवारी २०२२ मध्ये टोकाला पोचले आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. हाच तो टोकाचा महिना, हे त्या जानेवारीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला मात्र आतून कळेल. तोवर गाडी झाकून उभी ठेवा. बॅटरी उतरेल, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढेल, टायर एकाच जागी दबून राहतील, विम्याचा हप्ता भरावा लागेल आणि गाडी कागदावर एका वर्षाने म्हातारी होईल. गुंतवणूक म्हटलं की धीर हवाच.

आता रंगरंगोटी. तो पोचा आहे तसा ठेवलात तर गिऱ्हाईक पोच्यापुरतीच घासाघीस करेल. म्हणून ओळखीच्या गॅरेजात लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरून दार रंगवून घ्या. जाणकार गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजायचं यंत्र खिशात घालून येतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. लांबी भरलेल्या जागी आकडा ५०० च्या पुढे जातो, कधी हजारही ओलांडतो. दाराच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आणि रबरावर रंगाचा ओघळ दिसला, की पुढचं बोलणं पोच्याबद्दल राहत नाही. ते अपघाताबद्दल होतं, आणि अपघात झालाच नव्हता हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीही उरलेलं नसतं, कारण पोचा तुम्ही स्वतःच पुरलात.

समोरचे पिवळे पडलेले दिवे टूथपेस्टने घासा. फोटोपुरते चकाकतात. खरं तर दिव्याची काच ही काच नसून पॉलिकार्बोनेट असतं, आणि त्यावरचा अतिनील किरण अडवणारा थर उडाला की ते पिवळं पडतं. ८०० पासून २००० नंबरपर्यंतच्या वॉटर पेपरने टप्प्याटप्प्याने, पाणी मारत घासून वर तो थर पुन्हा दिला तर काम टिकतं. पण त्यात अर्धा दिवस जातो. टूथपेस्ट दहा मिनिटांत होते आणि थोड्याच दिवसांत दिवे परत पिवळे. तोवर गाडी कुणाची?

इंजिन जोराच्या फवाऱ्याने धुवा. दहा वर्षांच्या गाडीचं इंजिन कालच कारखान्यातून आल्यासारखं लखलखलं की ऑइल कुठून गळत होतं ते कुणाला दिसत नाही, आणि नेमका म्हणूनच अनुभवी माणूस तिथे वाकून बघतो. स्पार्क प्लगच्या खोबणीत पाणी उतरलं तर गाडी त्याच्यासमोर तीन सिलिंडरवर लटपटत उभी राहील, ते वेगळं.

गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी इंजिन तापवून ठेवा. थंड इंजिन सुरू करताना टायमिंग चेनची दोन-तीन सेकंदांची खडखड ऐकू येते, ऑइल जळत असेल तर निळा धूर दिसतो. गरम इंजिन या चहाड्या करत नाही. फक्त बॉनेटवर हात ठेवू देऊ नका. कसं ते तुम्हीच ठरवा.

डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा स्कॅनरने, म्हणजे गाडीला जोडून बिघाड वाचायच्या यंत्राने, पुसून टाकता येतो. पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या अंतर्गत चाचण्याही शून्यावर येतात आणि पुऱ्या व्हायला बरंच चालवावी लागते. गिऱ्हाइकाने आपला स्कॅनर लावला की ‘चाचण्या अपूर्ण’ असं दिसतं, म्हणजे दिवा नुकताच पुसलाय. सेन्सर बदलला असता तर कदाचित स्वस्तात सुटला असता.

किलोमीटर मागे नेणं हा गुन्हा आहे, पण हुशारी म्हणून मिरवला जातो. मीटर ४० हजार दाखवतोय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगवर तुकतुकी, चालकाच्या सीटची बाहेरची कड खचलेली. शिवाय बऱ्याच गाड्यांत हाच आकडा दुसऱ्या कंट्रोल युनिटातही साठतो, आणि सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर तर छापलेलाच असतो. तेव्हा बिलंही फाडून टाका. मग गाडीला इतिहासच उरत नाही, आणि टंचाईतही ज्या एका गोष्टीला लोक जास्त पैसे मोजतात, ती तुम्ही स्वतःच्या हाताने केराच्या टोपलीत टाकलेली असते.

टायरना काळं पॉलिश मारा. बाजूवर कोरलेले चार आकडे मात्र पॉलिशने जात नाहीत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचेतल्या पट्ट्या १.६ मिलिमीटरवर असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो संपला.

भाव ठरवायला जाहिराती चाळा आणि सगळ्यात वरचा आकडा उचला. ती गाडी तीन महिने विकली गेलेली नाही, हा योगायोग समजा. तीन व्यापाऱ्यांकडून लेखी भाव घ्यायच्या भानगडीत पडू नका. त्यातून खरा आकडा कळतो आणि स्वप्न मोडतं.

आणि हो, या गाडीच्या जागी दुसरी लागणार असेल तर हिशेब करूच नका. तुमची गाडी ४ ची, हवी असलेली १० ची, चलन कोणतंही लावा. फरक ६. दोन्ही ३० टक्क्यांनी महागल्या की ५.२ आणि १३. फरक ७.८. तुम्ही १.२ कमावले म्हणून पेढे वाटताय आणि खिशातून १.८ जास्त जातायत. ज्याच्या दारात दुसरी गाडी उभीच आहे किंवा ज्याला आता लहान गाडी पुरते, त्याचंच यात भलं होतं. तुम्ही त्यातले नसाल तर आवाज चढवून ‘योग्य वेळी विकली’ म्हणा.

शेवटी कागद. हा भाग रटाळ आहे, म्हणून सोडून द्या. कर्ज फिटल्याची नोंद, दुसरी किल्ली, नाव बदलण्याचा अर्ज, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली सही, यात कुठे अडकता? पैसे खात्यावर खरोखर जमा होण्याआधीच, फोनवरचा पावतीचा फोटो बघून किल्ली देऊन टाका. गिऱ्हाईक म्हणेल, ‘नाव पुढच्या महिन्यात करून घेतो, काळजी करू नका.’ तुम्हीही करू नका.

दीड महिन्याने सिग्नल तोडल्याची नोटीस तुमच्या नावाने येईल. सोबत फोटो असेल. दार छान दिसतंय. दिवे मात्र परत पिवळे पडलेत.