मनूची नाव, नोहाची नौका आणि ‘विज्ञानानेही मान्य केलं’ म्हणणारा मेसेज

मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज पुन्हापुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: आपला मनू, बायबलातला नोहा आणि मेसोपोटेमियाच्या (प्राचीन इराकच्या) महाकाव्यातला गिलगामेश यांच्या कथा एकच आहेत, म्हणजे सगळी पृथ्वी बुडवणारा महाप्रलय खरोखर झाला होता. हिमालयावर समुद्री शंख आहेत, इराकमध्ये प्रलयाचा गाळ सापडला, द्वारका आणि खंभातची बुडालेली नगरं सापडली, पृथ्वीच्या पोटात महासागर सापडला, तुर्कस्तानात नौकासुद्धा सापडली. ‘आता विज्ञानानेही हे मान्य केलं आहे.’ खाली अभिमानाने पुढे पाठवायचा आग्रह.

यातली बहुतेक नावं खरी आहेत, म्हणून तर माणसं विश्वास ठेवतात. इराकमध्ये गाळ सापडला होता, द्वारकेच्या समुद्रात घडीव दगड आहेत, हिमालयावर शंखही आहेत. पण त्यांतून काढलेला निष्कर्ष खोटा आहे, आणि तो का खोटा हे एकेक मुद्दा घेऊनच सांगावं लागेल.

शंखांपासून सुरुवात करतो, कारण त्याचा पुरावा अनेकांच्या देवघरातच आहे. शाळिग्राम हातात घेऊन नीट बघा. नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रातून येणारा हा काळा, गुळगुळीत गोटा. फुटलेला किंवा छिद्र असलेला मिळाला तर आत गुंडाळी दिसते, आणि त्या गुंडाळीवर ओळीने बारीक कंगोरे. आपण त्याला चक्र म्हणतो. तो अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शिंपल्याचा ठसा आहे. हे प्राणी साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी भारत आणि आशिया यांच्यामधल्या टेथिस समुद्रात पोहत होते. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्याच सुमारास अमोनाइटही संपले. आपली मानवजात जेमतेम तीन लाख वर्षांची आहे. अमोनाइट जिवंत पाहिलेला माणूसच नाही, तर तो नावेत बसून कुठून पाहणार? एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक त्याहून जुना, ४५ कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यात ट्रायलोबाइट या नामशेष समुद्री प्राण्याचे तुकडे मिळतात. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत आशियाला भिडला आणि मधल्या समुद्राचा तळ चुरगळून वर उचलला गेला. पाणी डोंगरावर चढलं नाही, समुद्राचा तळच डोंगर झाला. यामुळे शाळिग्रामाचं मोल कमी होतं असं मला मुळीच वाटत नाही.

आता हाच दावा सह्याद्रीवर तपासून बघू. एव्हरेस्ट बुडालं असेल तर १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर सात किलोमीटरहून जास्त पाणी होतं. मग शंख तिथे हवेतच. सह्याद्रीच्या कातळात समुद्री शंख नाहीत. तो जमिनीवर वाहिलेल्या लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. दोन थरांच्या मधल्या गाळात जीवाश्म मिळतात ते गोड्या पाण्यातले: नागपूरकडे गोगलगायी, मुंबईत वरळीच्या टेकडीत चक्क बेडूक. हिमालयावर शंख ठेवून जाणारं पाणी सह्याद्रीला मात्र वगळून गेलं, असं मानायला काहीच आधार नाही.

इतकं पाणी येणार कुठून, हा प्रश्न मेसेज लिहिणाऱ्यालाही पडलेला दिसतो, म्हणून ‘पृथ्वीच्या पोटातला महासागर’ आला. एव्हरेस्टपर्यंत पाणी न्यायचं तर आज सगळ्या महासागरांत आहे त्याच्या तिपटीहून जास्त पाणी आणखी लागेल. ध्रुवांवरचा आणि ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तरी समुद्र ६५-७० मीटरच वर येतो. २०१४ साली ब्राझीलमधल्या एका हिऱ्यात रिंगवूडाइट हे खनिज सापडलं आणि त्यात वजनाच्या दीडेक टक्का पाणी होतं, हे खरं. पण ते खनिजाच्या स्फटिकात रासायनिकरीत्या बांधलेलं आहे, तेही शेकडो किलोमीटर खोल, प्रचंड दाबाखाली. तिथे लाटा उसळणारं, वर येऊन पसरणारं पाणी नाही. बातमीच्या मथळ्यात ‘महासागर’ आला आणि मेसेजने तेवढाच उचलला.

‘सगळ्या संस्कृतींत एकच कथा आहे.’ हा मुद्दा सगळ्यांत जास्त पटतो, त्यामुळे इथे जरा थांबायला हवं. नोहा आणि गिलगामेशच्या कथांत साम्य आहे, आणि ते थक्क करणारं आहे. १८७२ साली ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ नावाचा माणूस (मूळचा नोटांचे ठसे कोरणारा कारागीर) मातीच्या पाट्यांवरची कीलाकार लिपी वाचत होता. त्याला गिलगामेशच्या अकराव्या पाटीत नौका डोंगराला लागल्याचं आणि पक्षी सोडल्याचं वर्णन मिळालं. या कथेत प्रलयातून वाचलेला उतनपिश्तिम आधी कबुतर सोडतो, मग पाकोळी, मग कावळा. कावळा परत येत नाही तेव्हा जमीन उघडी पडल्याचं कळतं. बायबलात नोहा कावळा आणि कबुतर सोडतो. उतरल्यावर दोघेही बळी देतात आणि दोन्हीकडे त्याचा सुवास वर पोहोचतो. इतके बारीक तपशील जुळतात ते एक कथा दुसरीतून आली म्हणून. मेसोपोटेमियातलीच अत्राहासिसची प्रलयकथा इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातल्या पाट्यांवर आहे, बायबलातल्या मजकुराच्या कितीतरी आधीची. म्हणजे हे दोन स्वतंत्र साक्षीदार नाहीत, एकाचंच ऐकून दुसऱ्याने सांगितलं आहे.

आणि मनूची कथा? तिचं सर्वांत जुनं रूप शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे. हात धुवायला आणलेल्या पाण्यात मनूला एक छोटा मासा मिळतो. तो म्हणतो, मला वाढव, मी तुला वाचवीन. पूर आल्यावर मनू नावेचा दोर माशाच्या शिंगाला बांधतो आणि मासा नाव उत्तरेच्या पर्वताकडे नेतो. माणसांचं पाप, चाळीस दिवसांचा पाऊस, प्राण्यांच्या जोड्या, पक्षी यांतलं इथे काहीच नाही. सप्तर्षी आणि बीजंसुद्धा नाहीत. ती महाभारताच्या वनपर्वात येतात. शतपथात मासा कोण हे सांगितलेलं नाही, महाभारतात तो ब्रह्मा आहे, पुराणांत विष्णू. भागवतात तर मनूच्या जागी द्रविड देशाचा राजा सत्यव्रत येतो आणि मासा त्याला कृतमाला नदीत मिळतो. ऋग्वेदात ही कथाच नाही. कथा पिढ्यान्‌पिढ्या कशी वाढते हे यातून लख्ख दिसतं. ‘एकच कथा’ म्हणायचं तर यातली कुठली?

शिवाय सगळ्या संस्कृतींत ती नाहीच. इजिप्तमध्ये नाईलचा पूर म्हणजे वर्षाचं पीक. तिथे पुराने जग बुडवल्याची अशी कथा नाही. चीनमधल्या यू या पौराणिक राजाच्या कथेत नौका नाही, यू पाट काढून पुराचा निचरा करतो. आणि आपल्या कोकणाची कथा तर उलटी आहे: परशुरामाने समुद्र मागे हटवला. दंतकथा म्हणजे भूगोलाची नोंद असं मानायचं, तर हीसुद्धा त्याच हिशेबात धरावी लागेल.

इराकच्या गाळाचं असं झालं. १९२९ साली पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीला उर या प्राचीन शहराच्या जागी खोल खणताना आठ ते अकरा फुटांचा स्वच्छ गाळ लागला. वर भांडी, खाली भांडी, मध्ये नुसती नदीची माती. त्याने प्रलय सापडल्याचं जाहीर केलं, जगभर मथळे झाले. पुढचा भाग मेसेजमध्ये येत नाही. उरमधल्याच सगळ्या खड्ड्यांत तो थर मिळाला नाही. पंचवीस किलोमीटरच्या आत असलेल्या एरिडूत मिळाला नाही. शुरुप्पाक हे कथेतल्या उतनपिश्तिमचं गाव. तिथला पुराचा थर इसवी सनापूर्वी २९००च्या सुमाराचा, उरच्या थरानंतर कित्येक शतकांचा. टायग्रिस-युफ्रेटिसच्या सपाट मैदानात वेगवेगळ्या वेळी मोठे पूर आले, गावं गेली, आणि त्यांच्या आठवणीतून कथा उभी राहिली असण्याची शक्यता भरपूर आहे. हे मी मनापासून मान्य करतो. पुण्यात अजूनही जुनी माणसं ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ असा काळ मोजतात. सुमेरच्या (प्राचीन दक्षिण इराकच्या) राजावलीतही राजांची नावं येतात, मग पुराने सगळं नेल्याची ओळ, मग पुढचे राजे. शहर उद्ध्वस्त करणारा पूर इतका खोल रुतून बसतो. पण पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ला पुण्यात आला, पृथ्वीवर नाही.

बुडालेल्या नगरांचं काय? साधारण २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबई हायचं तेलक्षेत्र आज किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटर दूर, ७५ मीटरच्या आसपास पाण्यात आहे. तेव्हा तिथे चालत जाता आलं असतं. म्हणजे समुद्राने प्रचंड जमीन गिळली हे खरंच. मात्र त्याला दहा-बारा हजार वर्षं लागली. अगदी वेगाच्या काळातही चढ शतकाला चार-पाच मीटर, म्हणजे वर्षाला चार-पाच सेंटिमीटर. त्यापासून वाचायला नाव लागत नाही. आणि सगळ्या कथांत पाणी शेवटी ओसरतं. हे पाणी ओसरलंच नाही, आज त्यालाच आपण अरबी समुद्र म्हणतो.

द्वारकेचं काम डॉ. एस. आर. राव यांनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून केलं, आणि भारतात पाण्याखालचं पुरातत्त्व उभं राहिलं ते त्यांच्यामुळे. त्यांना मिळालेले घडीव दगड आणि भोकं पाडलेले जहाजांचे दगडी नांगर खरे आहेत. त्यांच्या काळाबद्दल मात्र त्याच संस्थेतल्या पुढच्या संशोधकांनी वेगळं मत मांडलं: हे नांगर आपल्या इतर बंदरांतल्या ऐतिहासिक आणि मध्ययुगीन नांगरांसारखे आहेत. उद्या ते दगड कितीही जुने ठरले तरी त्यातून एका बंदराची गोष्ट कळेल. महाभारताच्या मौसलपर्वातही समुद्र द्वारकाच बुडवतो, जग नाही. खंभातच्या आखातात २००१ साली ध्वनिलहरींनी समुद्रतळ टिपणाऱ्या सोनार यंत्राच्या चित्रांत चौकोनी आकार दिसले, तळाचा गाळ उपसून वर काढला, त्यातल्या एका लाकडाचं वय सुमारे ९,५०० वर्षं निघालं. त्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो, नर्मदा, तापी, मही, साबरमती सगळ्या तिथेच गाळ ओततात. उपसून काढलेलं लाकूड मुळात कुठलं, हे कोणी सांगू शकत नाही. लाकडाच्या वयावरून नगराचं वय ठरत नाही.

काळ्या समुद्राचा उल्लेख काही मेसेजांत असतो. रायन आणि पिटमन या भूवैज्ञानिकांनी १९९७ साली मांडलं की भूमध्य समुद्राचं पाणी अचानक तिथे घुसलं. त्यावर वाद चालू आहे, पुढच्या अभ्यासांत पाण्याची वाढ बरीच कमी निघाली. मेसेजमधली तुर्कस्तानातली ‘नौका’ म्हणजे अरारात पर्वताजवळची नावेच्या आकाराची टेकडी. ती १९५९ साली विमानातून काढलेल्या फोटोत दिसली; भूवैज्ञानिकांनी ती नैसर्गिक रचना ठरवली आहे.

प्रलय खरा असता तर काय दिसायला हवं होतं, हेही विचारायला हवं. अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या लांब नमुन्यांत आठ लाख वर्षांचे थर एकावर एक आहेत. समुद्राचं पाणी वर चढलं असतं तर तो बर्फ उचलला जाऊन तरंगला असता. युरोपातल्या ओक आणि पाइन झाडांच्या खोडांतल्या वार्षिक वलयांची साखळी १२,००० वर्षांहून जास्त मागे जाते, एकही वर्ष न तुटता.

मनूच्या कथेबद्दल मेसेज जे सांगत नाही, ते इथे सांगतो. शतपथात पूर ओसरल्यावर एकटा उरलेला मनू पाण्यात तूप, दही आणि आमिक्षा (नासवलेल्या दुधाचा चोथा) यांची आहुती देतो. वर्षभराने त्यातून एक स्त्री उभी राहते. मित्र आणि वरुण तिला विचारतात, तू कोणाची? ती म्हणते, मनूची मुलगी. ती इडा. यज्ञात इडा नावाचा जो भाग आहे तो कुठून आला हे सांगण्यासाठी ब्राह्मणग्रंथाने ही कथा तिथे ठेवली आहे, आणि पूर हा तिचा फक्त पहिला अर्धा भाग आहे.