‘पाच लाख फुकट मिळतात, तरी रड कसली?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘सरकार पाच लाख फुकट देतंय, तरी ह्या पेन्शनरांची रड संपत नाही. आधी कार्ड काढा, मग लिहा,’ असं तुम्ही माझ्या मागच्या लेखाखाली लिहिलंत. आयुष्मान भारत कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मोफत होतात, पण म्हातारपणाच्या रोजच्या औषधांचं काय, असं मी त्यात विचारलं होतं. पहिल्यांदा वाचून राग आला. दुसऱ्यांदा तुमच्या आईंबद्दलचा भाग नीट वाचला आणि निवळलो. ७६ वर्षांच्या बाई न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, कार्डावर ऑपरेशन झालं आणि तुमच्या खिशाला तोशीस लागली नाही. त्यासाठी ही योजना हवीच, माझं दुमत नाही.

कार्ड माझ्याकडेही आहे हो. २०२४ च्या धनत्रयोदशीला, २९ ऑक्टोबरला, सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी ते सुरू झालं आणि फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत मी नाशिकच्या सिडकोत रांगेत उभा होतो. सातपूरला तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस मी, अंगठ्यावर रेषा उरल्यात कुठे? मशीन काही केल्या ओळखेना. शेवटी आधारला जोडलेल्या मुलाच्या नंबरवर ओटीपी गेला, त्याने पुण्याहून फोनवर सांगितला, तेव्हा कुठे काम झालं. माझ्या बहिणीचं तर झालंच नाही. ती माझ्याहून मोठी, पण गुरुजींनी शाळेत १ जून टाकताना सालही अंदाजानेच टाकलं. आधारवर तिला सत्तरी गाठायला अजून वेळ आहे. (१ जूनला जन्मलेल्यांची आमच्या पिढीत जत्रा भरेल.)

पण ही किरकोळ कटकट झाली. माझं म्हणणं वेगळं होतं आणि बहुतेक ते मला नीट मांडता आलं नाही. हे कार्ड माणूस खाटेवर आडवा झाला की चालतं. दाखल व्हायच्या आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यावर पंधरा दिवसांची औषधं, एवढीच त्याची हद्द. डायलिसिस, केमोथेरपी असे उपचार, काही ऑपरेशनांनंतरच्या तपासण्या त्यात बसतात, हे खरं. पण डॉक्टरची नुसती फी, साधी रक्ततपासणी, महिन्याच्या गोळ्या ह्यांतलं काही नाही. म्हातारपणाचं दुखणं मात्र रोजचं असतं. मला बीपी, साखर आणि काचबिंदू. औषधांचं बिल महिन्याला २,९०० रुपये. पीएफवाल्यांची, म्हणजे ईपीएस-९५ ची, पेन्शन २,३४०. म्हणजे पेन्शन मेडिकलवाल्याच्या गल्ल्यात जाते आणि वर ५६० रुपये मुलाकडून. महिनाअखेरीला रात्रीची गोळी ‘विसरणारे’ माझ्या कट्ट्यावर चारजण तरी आहेत. त्यांतला कुणी अर्धांगवायूने कोसळला की त्याच्यासाठी पाच लाख तयार आहेत!

‘जनऔषधीत जा,’ म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, असंही तुम्ही सुचवलंत. जातो. साखरेची मेटफॉर्मिन, बीपीची टेल्मिसार्टन तिथूनच आणतो आणि फरक खरोखर मोठा पडतो. पण डॉक्टर एका गोळीत तीन औषधं असलेलं ब्रँडचं नाव लिहितात, ते तसंच्या तसं तिथे नसतं आणि तोडून कसं घ्यायचं हे मला कोण सांगणार? ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांनी ब्रँडऐवजी औषधाचं मूळ, म्हणजे जेनेरिक नावच लिहावं असा नियम निघाला होता. त्याच महिन्यात तो स्थगितही झाला. डोळ्यांत घालायचे थेंब तर तीनपैकी दोन खेपांना ‘पुढच्या आठवड्यात या’.

सरकारी दवाखान्याचंही तेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हे चांगलंच. पण मी गेलो तिथे अर्धा दिवस बसून थोड्या दिवसांच्या गोळ्या मिळाल्या आणि एक औषध बाहेरून आणायला सांगितलं. गुडघे धरून महिन्यातून किती वेळा जायचं?

आणि हे सरकारला जमत नाही असंही नाही. माझ्याच कारखान्यातले काहीजण निवृत्तीनंतर ईएसआयसीत, म्हणजे कामगार विमा योजनेत, वर्षाला १२० रुपये भरतात. नवराबायको दोघांचीही तपासणी आणि औषधं दाखल न होता मिळतात. माझा पगार आधीच त्या योजनेच्या मर्यादेच्या वर गेला होता, म्हणून मी त्यातून बाहेर पडलो. बढती मिळाली तेव्हा पेढे वाटले होते, आता त्याचं हसू येतं.

आता तुमच्या आईंबद्दल एक विचारतो, राग मानू नका. त्या पडल्या त्याआधी हाडांची तपासणी, चष्म्याचा नंबर, बीपीच्या गोळीने चक्कर येते का, हे कुणी पाहिलं होतं का? पाहिलं असेल तर कुणाच्या पैशाने? आणि आता त्यांना उभं करायला घरी फिजिओथेरपिस्ट येत असेल, त्याला एका खेपेचे किती देता? इथेच लिहा. इंदिरानगरला एकांना असाच माणूस हवाय, त्यांनाही कळेल.