डब्याचा हिशोब मागणाऱ्यांना

आज चर्चमध्ये उपासनेनंतर आमच्या मंडळीची वार्षिक सभा होती. जमाखर्च वाचून झाला आणि एक बंधू उभे राहिले. म्हणाले, "दवाखान्यातल्या डब्यांवर आपण एवढा खर्च करतो, त्यातून आजवर किती कुटुंबं मंडळीत आली? एकही नाही. मग हे पैसे साउंड सिस्टिमला वळवा." दोघातिघांनी मानाही डोलावल्या. मला तिथे बोलताच आलं नाही. घरी आल्यावरही डोकं शांत होईना, म्हणून इथे लिहितेय.

मिरजकरांना वेगळं सांगायला नको. जत, अथणी, विजापूरकडून पेशंट येतात आणि सोबतचं माणूस जिन्याखाली चटई टाकून पडतं. ते जेवलं की नाही, कोण विचारतं? आमची मंडळी ती केवढी! कुणी रिक्षा चालवतं, कुणी नर्स आहे, बरेचसे पेन्शनर. पाळीपाळीने एकेका घरी मुगाची खिचडी शिजते आणि संध्याकाळी डबे जातात. बस, एवढंच.

गेल्या पावसाळ्यात अथणीकडच्या एका बाईचा नवरा रात्री वारला. मी आणि मंडळीतल्या थोरल्या मावशी रिकामे डबे आणायला गेलो होतो. बाईला कन्नडशिवाय काही येईना, मावशींचं कन्नड भाजी घेण्यापुरतं. मावशी तिच्याशेजारी फरशीवर बसल्या, बशीत चहा ओतला, "कुडी अव्वा, कुडी" म्हणत तिला पाजला. तो माणूस लिंगायत, त्याच्या गळ्यातलं लिंग सुटून उशाशी पडलं होतं. मावशी हात धुऊन आल्या, बाईकडे पाहिलं, तिने मान हलवल्यावर ते उचलून त्याच्या छातीवर नीट ठेवलं. गाडीभाड्याला पैसे कमी पडत होते, ते बटव्यातून काढून दिले.

सांगा बंधू, ही बाई कुठल्या रकान्यात लिहायची?

मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय उघडलं, त्यातून मिरज दवाखान्यांचं गाव झालं. आजूबाजूच्या किती घरांत त्या दवाखान्याची आठवण आहे! ती सगळी घरं चर्चमध्ये येतात का? मिशनऱ्यांना शुभवर्तमान सांगायचं होतं, मान्य, त्यांनी ते लपवलंही नाही. पण ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. शंभर वर्षांपूर्वी त्यांना जे उमगलं, ते आपल्याला आज सभेत समजावून सांगावं लागतं?

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? बाहेर लोक म्हणतातच, हे डब्याआडून धर्म बदलायला येतात. वॉर्डात आमच्या तोंडावर म्हणालेत. आम्ही हात जोडून सांगतो, तसं काही नाही, खिचडी आहे, खा. आता आपणच आपल्या सभेत आकडा मागितला, तर त्यांचंच म्हणणं खरं केलं ना? त्या रात्री मावशींनी लिंगाऐवजी धर्मप्रचाराची पत्रिका हातात ठेवली असती, तर मी दुसऱ्या दिवसापासून डबा बंद केला असता.

माईक खरखरतो, खरं आहे. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना प्रवचन ऐकू जात नाही, हेही खरं. त्यासाठी वेगळी वर्गणी काढा, मी देईन.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ते बंधू मनाने वाईट नाहीत. रविवार शाळेची मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळतात. त्यांचे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा याच मावशी रात्री उशाशी बसायच्या, तेव्हा कुणी हिशोब विचारला नव्हता. त्यांना एवढंच आठवावं.

पाळकसाहेबांनी निर्णय पुढच्या सभेवर ढकललाय. तोवर डबे चालूच राहणार. गुरुवारची पाळी रिकामी आहे, ज्याला जमेल त्याने मला फोन करावा. पातेलं आमच्याकडचं घेऊन जा. तिखट बेताचं घाला, पेशंटही त्यातलंच दोन घास खातात.